घोट्याएवढं जंगल

संग्रहालयातल्या नव्या दालनाची भिंत मी पांढरीशुभ्र रंगवत होते, तेव्हा शिडीखाली कुणीतरी हळूच खाकरलं.

"बर्फ छान उतरलाय... पण या भिंतीवर उन्हाळा हवा होता ना?"

मी खाली पाहिलं. हातात खोकं, विस्कटलेले केस, आणि चूक माझी असूनही ओशाळलेला तोच. टुंड्रातल्या वनस्पतींचा एक अभ्यासक उत्तरेहून येणार हे मला माहीत होतं. तो असा असेल, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

टुंड्रात बर्फाशिवाय असतं तरी काय, असं मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं. त्याने खोकं उघडून वर धरलं. आत सुकलेली शेवाळं, दगडफुलं, आणि तळहातावर मावेल असं एक अख्खं झाड—मुळांसकट.

"हा विलो. तिथे घोट्याएवढाच वाढतो. वयाने मात्र आपल्या आजोबांच्या बरोबरीचा."

मग तो रोज दुपारी येऊ लागला. तो सांगायचा, मी रंगवायचे. तिथली जमीन खोलवर कायमची गोठलेली. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा सैल होतो. पाण्याला खाली मुरायला वाटच नाही, म्हणून पाऊस वाळवंटाइतका कमी असूनही जिकडेतिकडे तळी. जेमतेम दोन महिन्यांत फुलांनी उमलायचं, बी धरायचं. पिवळी पॉपी सूर्याकडे तोंड करून फिरत राहते, आणि सूर्य तर मावळतच नाही. हिवाळ्यातला पांढरा कोल्हा उन्हाळ्यात मातकट होतो. लांडगे आले की केसाळ कस्तुरी-बैल पिल्लांना मध्ये घेऊन कडं करतात...

"आणि डास," तो म्हणाला. "ते तेवढे रंगवू नका. लोक यायचे नाहीत."

मी हसले, आणि हातातला ब्रश निसटून त्याच्या शर्टावर हिरवा फराटा उमटला. तोच शर्ट तो दुसऱ्या दिवशीही घालून आला. हे मी घरी सांगितलं, तेव्हा आईने भाजी चिरता चिरता माझ्याकडे नुसतं पाहिलं.

भिंत पुरी झाली. त्याची परत जायची वेळ आली. त्याच सुमारास एका शाळेतून मला चित्रकला शिकवायची कायमची नोकरी चालून आली. लगेच रुजू व्हायचं होतं. आणि तेव्हाच संग्रहालयाच्या संचालिका बोलून गेल्या, की तो काम करतो त्या उत्तरेतल्या संशोधन केंद्राला उन्हाळ्यापुरती चित्रकार हवी आहे. माझं नाव त्यानेच सुचवलं होतं... आणि मला सांगू नका, असंही बजावलं होतं.

मी तडक त्याच्या खोलीवर गेले. तो सामान बांधत होता. मला का नाही विचारलं, म्हणून मी जाब मागितला.

"मी विचारलं असतं, तर तुम्ही माझ्यासाठी हो म्हणाला असतात... किंवा माझ्यामुळे नाही. मला दोन्हीची भीती वाटली."

घरी येऊन मी आईला दोन्ही नोकऱ्यांचं सांगितलं. आईने माझ्या कायमच्या नोकरीची किती वाट पाहिली होती, ते मला ठाऊक होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, की तुला तो मुलूख बघायचाय की तो मुलगा. आधी मुलूख, मी म्हणाले. ते खरं होतं. पुढचं मला बोलवेना.

"जा," आई म्हणाली. "नोकऱ्या पुन्हा शोधता येतात. तुझा हा चेहरा मी बऱ्याच वर्षांनी बघतेय."

छोट्या विमानातून उतरले, आणि माझे सगळे रंग अपुरे पडले. क्षितिजापर्यंत तांबूस, हिरवं, जांभळं काहीतरी जमिनीला बिलगून होतं. वाऱ्यात कापसासारखी पांढरी बोंडं डुलत होती. दूरवर रेनडिअरचा कळप शांतपणे चरत चालला होता. तो न्यायला आला होता; माझी पिशवी खांद्याला लावून तो पुढे चालू लागला.

मग एका खडकाच्या आडोशाला तो गुडघ्यांवर बसला. तिथे गुलाबी फुलांची एक इवली गादी होती, शेकडो देठ एकमेकांना खेटून.

"बोटं आत घालून बघा."

बाहेर वारा बोचत होता. आत मात्र... ऊब होती. खरोखरीची. एक किडाही तिथे खुशाल बसला होता. त्याने माझ्या बोटांशेजारी आपली बोटं ठेवली.

"दरवर्षी मी एकटा येतो इथे," तो म्हणाला. "यापुढे जमेल असं वाटत नाही."

"उन्हाळा संपला की मला परत जायचंय."

"माहीत आहे. मीही येईन. तुझ्या आईला भेटायला."

वारा वाढत चालला होता. दोघांपैकी कुणीच हात बाहेर काढला नाही.