आवर्तन सुटलंय

खजिन्याची जागा सकाळी अचानक बदलली आणि तेव्हापासून प्रतीक्षाचं मातीत मन लागेना.

छोट्या गटाचा खजिनाशोध टेकडीवरच्या गणपतीच्या देवळापाशी होणार, असं कालच ठरलं होतं. पण आज प्रार्थना संपली आणि भरतदादाने जाहीर केलं की देवळाच्या बाजूला कुणी फिरकायचं नाही, खजिना आता कोरड्या कालव्यात असेल. छोटी मुलं ओरडत कालव्याकडे पळाली. प्रतीक्षाचा आठ वर्षांचा भाऊ कपिल अर्थातच सगळ्यांच्या पुढे होता.

मोठ्या गटाला आमराईत बसून मातीचा लेण्याद्रीचा डोंगर करायचा होता. प्रतीक्षा, तिचा चुलतभाऊ संघर्ष आणि मैत्रीण संस्कृती अशी तिघं एका डोंगराभोवती बसली होती. संघर्ष काडीने गुहांची दारं कोरत होता, संस्कृती पायऱ्या करत होती आणि प्रतीक्षा घडीघडी उठून उभी राहत होती.

"बस की गं," संस्कृती वैतागली. "तू उठलीस की माझ्या पायऱ्या ढासळतात."

"देवळाकडे का जायचं नाही?"

"कार्यक्रम आहे तिकडं. पोरं लांब ठेवा, असं ताकवाल्या साळुबाईंनी दादाला सांगितलंय म्हणे."

"कसला कार्यक्रम?"

संस्कृतीचा हात थांबला. देवळाचे पुजारी म्हणजे तिचे मामाच. मामा कालच लग्नासाठी जुन्नरला गेले होते आणि देवळाची किल्ली तिच्या घरी खुंटीला टांगलेली होती.

"कुलूप लावलेल्या देवळात कार्यक्रम?" संघर्ष म्हणाला. "भुतांचं भजन असेल."

संस्कृती हसली, प्रतीक्षाला हसू आलं नाही. एखादी गोष्ट जुळली नाही की तिला पायाला मुंग्या आल्यासारखं होई.

घोडेगावपासून थोड्या अंतरावरच्या या आमराईत उन्हाळ्याच्या सुटीतलं हे दिवसाचं शिबिर भरत होतं. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी जायचं. फाटकावर भलामोठा फलक होता: 'मुलं निसर्गाच्या कुशीत, पालक निर्धास्त!' प्रतीक्षाच्या आईला, रत्नाला, नुकतीच पंचायत समितीत नोकरी लागली होती. घरी कपिलला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून हा फलक पाहून तिला केवढं हायसं वाटलं होतं. रोज निघताना ती प्रतीक्षाला एकच गोष्ट सांगे, कपिलकडे लक्ष ठेव.

निर्धास्त पालकांना काही गोष्टी ठाऊक नव्हत्या. शिबिरप्रमुख सयाजी सर सकाळी फोटो काढून झाले की आपली जीप घेऊन मंचरला जात आणि जेवणाच्या वेळी उगवत. मग एवढ्या सगळ्या मुलांमागे मोठं माणूस एकच उरे, भरतदादा. तो पुण्याच्या कॉलेजात शिकत होता, गाणी झकास म्हणायचा आणि सगळ्यांना आवडायचा. पण एकटा तो कुठे कुठे पुरणार?

आमराईच्या कुंपणापलीकडून एक ट्रॅक्टर घडघडत गेला. ट्रॉलीत डिझेलचं इंजिन होतं आणि जाड काळ्या पाइपाची वेटोळी. त्याच्या मागून आणखी एक गेला. दोन बायका घाईघाईने कालव्याकडून वर आल्या. त्यांच्या डोक्यावर वाळलेल्या कपड्यांचे गठ्ठे होते, आणि एकीने बरोबर कालव्यात चरायला सोडलेली शेळीही ओढत आणली होती.

"सगळे एकाच वेळी का निघालेत?" प्रतीक्षा म्हणाली. "इंजिनं कालव्याकडे, आणि बाया कालव्याकडून बाहेर."

संघर्षने काडी टाकली. आता त्यालाही बसवेना.

परवानगीशिवाय आमराई सोडायची नाही, असा शिबिराचा नियम होता. परवानगी घ्यायला प्रतीक्षा भरतदादाला शोधू लागली, तर दादाच सापडेना. मोठ्या गटातल्या एका मुलाने सांगितलं की छोट्यांपैकी कुणाचा तरी गुडघा फुटलाय. प्रथमोपचाराची पेटी सरांच्या जीपमध्ये आणि जीप मंचरला, म्हणून दादा त्या मुलाला उचलून गावातल्या दवाखान्यात गेलाय. छोट्यांना त्याने सांगितलंय, खेळत राहा, मी आलोच. मुलांचे मोबाइलही नियमाप्रमाणे जमा होऊन त्याच जीपमध्ये गेले होते.

म्हणजे कालव्यात छोट्यांजवळ कुणीच नव्हतं.

प्रतीक्षा कुंपणाच्या फटीतून बाहेर पडली. मागून दोघं आलीच.

कालव्याच्या भरावावर गेणभाऊ आपलं इंजिन मांडत होते. त्यांचं रान आमराईला लागूनच होतं. पाइपाचं एक टोक त्यांनी काँक्रीटच्या उतारावरून कालव्यात सोडलं होतं आणि वरचं टोक इंजिनाला आवळत होते.

"गेणभाऊ, कालवा तर कोरडा आहे," प्रतीक्षा म्हणाली.

"आता हाय कोरडा," ते मान वर न करता म्हणाले. "आवर्तन सुटलंय की. सकाळीच सोडलं धरणातनं. येईलच एवढ्यात."

प्रतीक्षाने झटकन खाली कालव्यात पाहिलं. पिकांसाठी धरणातून ठरावीक दिवस कालव्याला पाणी सोडतात, ते आवर्तन. उन्हाळ्यात सगळा तालुका त्याच्याकडे डोळे लावून बसतो. तिच्या आजोबांच्या कांद्यालाही याच पाण्याची वाट होती. आणि या कालव्याच्या दोन्ही बाजू गुळगुळीत काँक्रीटच्या होत्या. कोरड्या असताना पळत चढता येत, पण ओल्या झाल्या की मोठ्या माणसाचाही पाय ठरत नसे.

"भाऊ, खाली शिबिरातली पोरं आहेत."

गेणभाऊंच्या हातातला पाना गळून पडला. "कोणी सोडली? म्या सकाळी साळुबाईला सांगून धाडलं व्हतं, पोरं लांब ठेवा म्हणून."

कोणी सोडली याचा विचार करायला आता वेळ नव्हता. वळणापलीकडून मुलांचे आवाज येत होते. तिघं भरावावरून धावली. खाली छोटी मुलं दगड उलथून पाहत होती, चिठ्ठ्यांवरून भांडत होती. प्रतीक्षाने वर या, वर या, म्हणून हाका मारल्या. एकानेही मान वळवली नाही. एक मुलगी तर म्हणाली की ताई, तुम्ही मोठ्या गटातल्या, आमचा खेळ बिघडवू नका.

पाणी येतंय म्हटलं तर घाबरून कोणी इकडे पळेल, कोणी तिकडे. संस्कृतीने क्षणभर खाली पाहिलं आणि मग शाळेच्या मैदानावर टोकापर्यंत पोचणारा आपला तो आवाज लावला.

"खजिना सापडलाऽऽ! वर आहे! पहिला येईल त्याचा!"

झालं. चिठ्ठ्या तिथेच टाकून सगळी झुंड कपडे धुण्याच्या पायऱ्यांवरून धपाधप वर आली. खजिना कुठाय, खजिना कुठाय, म्हणत त्यांनी संस्कृतीला वेढा घातला. तिने दोन्ही हात पसरून त्यांना कुंपणाकडे रेटत नेलं.

प्रतीक्षा एकेक चेहरा पाहत होती. कपिल नव्हता.

"कपिल कुठाय?"

"तो आणि ईशान मोरीत गेलेत," एक चिमुरडा म्हणाला. "खरा खजिना मोरीतच असणार, असं कपिल म्हणाला."

रस्ता कालव्याला ओलांडतो तिथे त्याच्याखाली मोरी होती. लांब, अंधारी आणि मध्ये किंचित वळलेली, त्यामुळे या टोकाला उभं राहून पलीकडचा उजेड दिसत नसे. पाणी यायचं ते पलीकडूनच.

"गेणभाऊंना घेऊन ये," प्रतीक्षा संघर्षला म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

धावताना तिच्या चपलांचा आवाज दोन्ही भिंतींवरून परत येत होता. मोरीच्या तोंडाशी ती थांबली. आतून गार वारा आला. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं आणि आतून मात्र वारा येत होता. पुढे सरकणारं पाणी मोरीतली हवा आपल्यापुढे ढकलतं, हे तिला चटकन कळलं. त्या वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता.

"कपिल! बाहेर ये!"

"नाही येणार," आतून आवाज घुमला. "आम्हाला सापडत आलाय. तू नेहमी फसवतेस."

तिने कितीदा तरी त्याला फसवलं होतं. आई आली, साप आला, आंबे संपले, सगळं सांगून झालं होतं. आता खजिना वर आहे म्हटलं काय किंवा पाणी आलं म्हटलं काय, तो हलणार नव्हता. मग तिच्या तोंडून आपसूक निघालं ते आजोबा कांद्याच्या वाफ्यात उभे राहून म्हणत तसंच.

"कप्या, आवर्तन सुटलंय."

आत पावलं वाजली. हा शब्द थट्टेत वापरायचा नसतो, एवढं कपिललाही ठाऊक होतं. तो धावत बाहेर आला, आणि ईशानचा हात त्याने घट्ट धरला होता.

"काय सुटलंय?" ईशान विचारत होता. तो सुटीत पुण्याहून मामाकडे आला होता.

"पळ," कपिल म्हणाला. "नंतर सांगतो."

मागे खसखस आवाज झाला. प्रतीक्षाने वळून पाहिलं. मोरीतून आधी पाणी दिसलंच नाही. दिसला तो कचरा. वाळकी पानं, काटक्या, प्लास्टिकच्या बाटल्या, यांची एक बुटकी भिंत सरकत येत होती. मग तिच्याखालून मातकट पाणी पसरलं, घोट्याला लागलं आणि बघता बघता पिंढरीपर्यंत आलं. पायऱ्या अजून लांब होत्या. ईशान घसरून पडला, कपिलने त्याला ओढून उभं केलं. पाणी आता प्रतीक्षाच्या गुडघ्याला ढकलू लागलं होतं.

"पोरांनो, हिकडं! पाइप धरा!"

भरावावरून गेणभाऊंनी आणि संघर्षने तो काळा पाइप फरपटत आणून उतारावर सोडला होता. प्रतीक्षाने आधी ईशानला पुढे केलं. मग कपिल. पाइपाच्या वळ्यांना बोटं रुतवत दोघं वर सरकले. तिची पाळी आली तेव्हा चप्पल पाण्याने नेली होती आणि ओल्या काँक्रीटवर अनवाणी पाय ठरत नव्हता. संघर्ष पालथा पडला, त्याने तिचं मनगट पकडलं. गेणभाऊंनी संघर्षचे पाय धरले. ती वर आली तेव्हा खाली कालवा काठोकाठ नव्हता, पण कपिल त्यात उभा राहू शकला नसता.

संस्कृतीने सगळ्यांना दोन-दोनच्या रांगेत उभं करून मोजलं. दवाखान्यात गेलेला एक सोडला तर कोणी कमी नव्हतं.

जेवणाच्या वेळी सयाजी सर आले आणि ऐकून पांढरे पडले. थोड्या वेळाने त्यांनी तिघांना बाजूला घेतलं. झालं ते झालं, ते म्हणाले, कुणाला लागलेलं नाही, घरी सांगून पालकांना उगाच घाबरवू नका. आणि मग अगदी गोड आवाजात त्यांनी प्रतीक्षाला विचारलं की शिबिर बंद पडलं तर तुझ्या आईची किती पंचाईत होईल.

तो प्रश्न दुपारभर प्रतीक्षाच्या डोक्यात फिरत राहिला. खरंच होतं ते. शिबिर बंद झालं तर कपिलला ठेवायचं कुठे? आईची नोकरी नवी, रजा मिळणार नाही. ती आमराईत या झाडापासून त्या झाडापर्यंत येरझाऱ्या घालत राहिली. कपिल मात्र शांतपणे झोपला होता. त्याच्या कोपरावर काँक्रीटने खरचटलेली लांब रेघ होती, आणि तिच्यावर औषध लावायची पेटी आत्ता कुठे जीपमधून खाली आली होती.

संध्याकाळी पालक आले, शेजारच्या रानातून गेणभाऊही आले. सर हसतमुखाने फाटकात उभे होते. आईने कपिलचा दप्तरातला ओला सदरा पाहिला आणि प्रतीक्षाकडे पाहिलं. प्रतीक्षाने सगळं सांगितलं. हळू आवाजात सुरुवात केली, पण शेजारचे पालक गप्प होत गेले तशी ती मोठ्याने सांगत गेली.

रत्ना ओरडली नाही. तिने सरांना विचारलं, "मुलं पाण्यात होती तेव्हा त्यांच्याजवळ मोठं माणूस कोण होतं?"

सरांनी भरतदादाकडे बोट दाखवलं. त्याला आधीच बजावलेलं असताना त्याने मुलांना कालव्यात सोडलं, असं ते म्हणाले.

"मला कालव्याचं कुणी काहीच बोललं नाही," भरतदादा रडवेला झाला होता. "साळुबाई म्हणाल्या, आज आवर्तन आहे, पोरं लांब ठेवा. आमच्या पुण्यात गणपतीपुढे अथर्वशीर्षाची आवर्तनं करतात. शंभर-शंभर बायका एकत्र म्हणतात. मला वाटलं, देवळात तेच असेल. मुलांच्या दंग्याचा त्रास नको, म्हणून मी खेळ देवळापासून लांब, कालव्यात नेला."

गेणभाऊंनी कपाळावर हात मारला.

"म्हंजी तुमी पोरं पाण्यापास्नं न्हाई, गणपतीपास्नं लांब ठेवली व्हय?"

कुणीतरी हसलं, पण ते हसू लगेच विरलं. रत्नाने पुन्हा सरांकडे तोंड वळवलं. शब्द त्याला माहीत नव्हता, ती म्हणाली, पण तुम्ही इथलेच आहात, तुम्ही असता तर एका क्षणात कळलं असतं. मग बाकीचे पालकही बोलू लागले. प्रत्येकाला आता विचारावंसं वाटत होतं ते खरं तर पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं: मुलांना नेणार कुठे, ती जागा आधी कोण पाहून येतं, एकाच्या जिम्म्यावर किती मुलं, पेटी कुठे असते, फोन कुणाकडे. शेवटी ठरलं की पालकांपैकी दोघं रोज पाळीने इथे थांबतील, जीप इथून हलणार नाही, आणि हे जमत नसेल तर शिबिर उद्यापासून बंद. सरांनी मान खाली घालून होकार दिला.

"बाई, पोरगी वाघीण हाय तुमची," गेणभाऊ रत्नाला म्हणाले. "आन् ह्या दोघांचंबी डोकं लई चाललं. आमी मोठी माणसं निरोप धाडून मोकळी झालो. तो पोचला का, ते ह्यांनी बघितलं."

आईने प्रतीक्षाला जवळ घेतलं. तिच्या पाठीवरून ती हात फिरवत राहिली.

लोक पांगू लागले तसा भरतदादा मुलांपाशी येऊन मातीत बसला. त्याने तिघांची माफी मागितली. कपिलची वेगळी मागितली. मग म्हणाला, "मला इथले शब्द शिकवा. आणखी असे किती आहेत, ज्यांचा अर्थ मला भलताच वाटत असेल?"

"आठवून सांगतो," संघर्ष म्हणाला.

"एक मला कळला," दादा म्हणाला. "गेणभाऊ आत्ता म्हणाले ना, वाघीण? इथली माणसं उठताबसता वाघाचं नाव घेतात. कालच साळुबाई म्हणत होत्या, आमराईमागच्या उसात वाघ बसतो. मी हसलो. म्हटलं, बाई, पुणे जिल्ह्यात वाघ नाहीत."

संस्कृतीने संघर्षकडे पाहिलं. संघर्षने कपिलला हळूच आपल्याजवळ ओढलं.

"दादा," प्रतीक्षा उठून उभी राहिली, "आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात."

भरतदादाने मागे वळून पाहिलं. ऊस पुरुषभर वाढला होता, आणि वारा नसताना त्याचा एक शेंडा हलत होता.

"चला," तो अगदी हळू म्हणाला. "सगळे फाटकाकडे. पळायचं नाही. आणि माझ्या पुढे कुणी चालायचं, मागे कुणी, ते आज तुम्ही तिघं ठरवा."