हितसंबंध

"बाय, मालवणची गाडी गेली काय?"

तळेऱ्याच्या तिठ्यावर मी वळून पाहिलं. उंच, सावळा, धुळीनं माखलेला एक तरुण. हातात लाकडी खोका, आणि खोक्यात काचेच्या बरण्या किणकिणत होत्या. लोणची विकणारा असावा.

"नाय, येवची आसा," मी म्हटलं.

त्यानं खोका माझ्या ट्रंकेशेजारी ठेवला. गाडी उशिरा आली, बोलणं वाढत गेलं. मी कुणकेश्वरची नर्मदा, मुंबईला एम.एस्सी. करते, मालवणात आमच्या प्राणिशास्त्र विभागाचं महिनाभर शिबिर आहे... सगळं सांगून टाकलं. अनोळखी माणसाला का सांगितलं, कुणास ठाऊक. ऐकताना तो मान जराशी कलती करायचा, म्हणून असेल.

"शिबिरात काय शिकवतत?"

"कोण नवे सर येतत. संशोधनाची आखणी कशी करूची, खोटा कसा लिवचा नाय, ता शिकवतले म्हणे. एवढ्या मोठ्या पोरांका."

"मग सरांचा कठीण आसा," तो गंभीरपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिराच्या पडवीत, स्वच्छ पांढरा सदरा घालून, तोच आमच्यासमोर उभा राहिला. "मी गुरुदास सामंत." मागच्या टेबलावर त्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तास संपल्यावर मी त्यांना गाठलं. "सर, काल तुम्ही माहिती लपवलीत."

"तुम्ही विचारली नव्हती."

"न विचारलेलं लपवलं तर चालतं?"

ते हसले... आणि हसता हसता थांबले. "नाही. चालत नाही. माझं चुकलं."

चूक कबूल करणारा शिक्षक मी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून माझा गोंधळ सुरू झाला.

१९६२ सालचा डिसेंबर होता. तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, वाळूत जास्त जगतात की चिखलात, हा माझ्या प्रबंधाचा विषय, आणि सामंत सर माझे मार्गदर्शक. गुणाजी तांडेलाच्या होडीतून आम्ही सगळे खाडीत जायचो. ओहोटी कधी, बरणीवर चिठ्ठी कुणी लावायची, दुसऱ्यानं पाहिलेलं आपलं म्हणून का लिहायचं नाही... सर बोलत असायचे. मोजपट्टी हातात देताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागायची. मुद्दाम? की होडी हलायची म्हणून?

एकदा मोजणीसाठी खाडीत आखलेला माझा एक वाफा रिकामाच सापडला. कालवणासाठी कुणीतरी तिसऱ्या उपसून नेल्या होत्या.

"हा वाफा वगळला तर आलेख सुरेख येतो," मी म्हटलं.

"वगळा. पण वगळला, आणि का वगळला, ते लिहा," सर म्हणाले आणि माझ्याकडे पाहत राहिले. मीही. मग दोघंही एकदम चिखलाकडे पाहू लागलो.

त्यानंतर ते बदलले. चहाला माझ्या बाजूला बसेनात, होडीत दुसऱ्या टोकाला. आणि शिबिर संपत आलं तेव्हा विभागप्रमुखांनी सांगितलं, "तुझं काम यापुढे परुळेकरबाई बघतील. सामंतांनीच तशी विनंती केलीय."

परुळेकरबाई! त्यांच्याकडून प्रबंध पास होण्याआधी पोरांचे केस पिकतात, असं म्हणायचे. माझं काय चुकलं? वाफा वगळते म्हटलं म्हणून? मी सगळी मोजमापं पुन्हा तपासली. कुठंच चूक नव्हती. सर खाडीकाठी बरण्या विसळत होते. मी तिथं गेले.

"माझ्या आकड्यांवर विश्वास नसेल तर सरळ सांगा."

"आकड्यांवर आहे."

"मग कशावर नाही?"

"माझ्यावर." बरणी त्यांच्या हातात तशीच राहिली. "जिथे आपला हितसंबंध असतो, तिथे आपण परीक्षक होऊ नये."

"कसला हितसंबंध? मला समजेल असं बोला."

त्यांनी बरणी वाळूवर ठेवली. मग त्यांची ती वर्गातली भाषा संपलीच. "माका तू आवडतंस गो... मी तुझ्या कामाक गुण कसे देव?"

मी आनंदून जायला हवं होतं. गेलेही. पण त्याच क्षणी संतापही आला.

"आणि हे तुम्ही एकट्यानंच ठरवलंत? प्रबंध माझा. होडी घेताना आपण गुणाजीलासुद्धा विचारतो."

"विचारायला हवं होतं. बाईंना सांगून दुसरा मार्गदर्शक बघू?"

"नको. आता राहू दे. निकालापर्यंत या विषयावर बोलायचं नाही."

"आणि निकालानंतर?"

"तेव्हाचं तेव्हा."

हा होकार होता की नकार, माझं मलाच कळलं नव्हतं.

मुंबईत बाईंनी मला पिळून काढलं. "वाफा कुणी उपसला, कळलं?" "नाही." "मग 'कळलं नाही' असंच लिही." व्हरांड्यात सर समोर आले तर नुसता नमस्कार... आणि त्यांचे कान लाल. कधी वाटायचं, खाडीकाठचं ते सगळं मी कल्पनेतच पाहिलं.

पुढच्या वर्षी निकाल लागला तेव्हा मी कुणकेश्वरला घरी होते. त्याच आठवड्यात सर आले. अप्पांनी ओटीवर बसवलं, गावाघरची चौकशी केली, आईनं चहा आणून ठेवला. मग अप्पा म्हणाले, "देवळात जावन येतंय," आणि आईला आत काहीतरी काम निघालं.

"निकाल लागलो," ते म्हणाले.

"लागलो."

"आता इचारू?"

इतके महिने मी उत्तर जुळवत होते. आयत्या वेळी सगळं विस्कटलं, आणि तोंडून निघालं, "माका इचार करूक वेळ होयो."

त्यांचा चेहरा उतरला. "कितको?"

"तुमचो चाय निवता तितको."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सगळा चहा बशीत ओतला आणि फुंकर मारायला लागले.