बिनघोर दिवसाचं रक्त

हेमांगीची जुळी काचपेटीत तिच्यापेक्षा सहा वर्षं पुढे गेली होती, आणि आज जुळीला गाठ आली होती.

अशा जुळ्या आता जिल्ह्याच्या गावीही वाढवतात. बीजकोशातली गाठ ‘काठावरची’ निघाली, म्हणजे धड साधी नाही आणि धड कर्करोगाचीही नाही, आणि बाईला मूल हवं असलं, की डॉक्टर आजारी बीजकोश काढून दुसरा ठेवतात. त्यात गाठ पुन्हा उगवेल का, हे पूर्वी वाट बघूनच कळायचं. आता बाईच्याच पेशींपासून काचपेटीत तसाच बीजकोश वाढवतात, त्याला तिचंच रक्त पाजतात आणि महिन्याला वर्ष अशा वेगाने पुढे पळवतात. तीच जुळी. तिचं आज जे झालं, ते बाईचं उद्या होणार.

“उरलेला बीजकोश काढावा लागेल,” डॉ. विभावरी राजाध्यक्ष म्हणाल्या.

हेमांगीची बीजं गोठवून ठेवायचे दोन प्रयत्न आधीच फसले होते. आता हाही गेला की मूल विसरायचं.

“मॅडम, तीही माझ्यासारखी घाबरत असेल का हो?”

“काहीतरीच! तिला मेंदू कुठे...” डॉक्टर बोलता बोलता थांबल्या. “तुझं रक्त आपण कधी घेतो?”

“तपासणीला येते तेव्हाच. आदल्या दिवसापासून घास उतरत नाही मला.”

डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. “म्हणजे भीतीची रसायनं भरलेलं रक्तच आपण तिला पाजत आलो. तुझे फक्त तपासणीचे दिवस जगली ती. दुसरा एकही नाही.”

“मग गाठ भीतीनं आली?”

“तसं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. पण तिच्या भरवशावर तुला कापणार नाही. नवी जुळी वाढवू. तुला अजिबात भीती नसेल, त्या दिवशी फोन कर. नर्स घरी येईल. मात्र तीन महिन्यांत. त्यापुढे थांबणं धोक्याचं.”

हे ऐकायला किती सोपं! मैत्रिणीच्या हळदीकुंकवात उखाण्यांवर हेमांगी पोट धरून हसली, आणि ‘आता फोन करावा’ असं मनात येताच छातीत धडधडायला लागलं.

“तू विसरून जा,” तिचा नवरा निरंजन म्हणाला. “फोन मी करीन.”

पण विसर म्हटल्याने कोण विसरलंय? तो जेवताना बघायचा, झोपताना बघायचा. त्याने नुसतं बघितलं तरी ती दचकायची.

तिसरा महिना सरत आला. एका सकाळी निरंजनने थालीपीठ उलटवलं ते थेट कट्ट्याखाली. हेमांगी खळखळून हसली. कित्येक दिवसांनी. तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

निरंजनने हळूच फोन केला. दहा मिनिटांत बेल वाजली. नर्स दारात उभी होती, सुई घेऊन.

हेमांगीने तिच्याकडे पाहिलं, मग निरंजनकडे.

“ताई, हसा ना,” नर्स काकुळतीने म्हणाली. “दोन मिनिटं तरी हसा.”