घरातल्या नावाची हाक

नाटकमंडळींत सांगितल्या जाणाऱ्या भयकथांपैकी ‘मेलेल्या नटाला हाक’ ही कथा बरीच जुनी असावी. एका रूपात रंगमंचावर मेलेला नट पडदा पडल्यावर उठतच नाही. दुसऱ्यात कोणी चुकीच्या नावाने हाक मारतो आणि उठून बसतो तो भलताच. इथे दिलेले रूप स्टुडिओतले, म्हणून तुलनेने अलीकडचे. यात नट उठतो, बोलतो, पुढच्या कामालाही लागतो, आणि त्यामुळेच जाणकार ते सर्वांत वाईट मानतात. बुडाशी समजूत मात्र एकच आहे. खोटे मरण मेलेल्याला त्याच्या घरातल्या नावाने कोणीतरी परत बोलवावे लागते. लोकांतले नाव चालत नाही. ते मेलेल्या भूमिकेकडेच राहिलेले असते. या कथेतल्या नटाचे घरातले नाव मात्र कोणताही सांगणारा उच्चारत नाही. फार खोदून विचारले तर घसा खाकरून पुढे जातो.

लोकांत त्याला अप्पा म्हणत. फिरत्या कंपनीत भाला धरून उभा राहण्यापासून त्याने सुरुवात केली. पुढे सेनापती झाला, राजा झाला, आणि पोट सुटल्यावर पडद्यावर न्यायाधीश, सासरा, आजोबा असा सरकत गेला. मरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. श्वास असा आत कोंडून ठेवी की पहिली रांग आपलाच श्वास तपासून पाही. “माझ्याइतका मेलेला माणूस जिवंत सापडायचा नाही,” असे तोच हसून सांगे.

कंपनीत नटांची तोंडे रंगवणाऱ्या रंगवाल्याने त्याला पहिल्याच दिवशी विचारले होते, “घरी काय म्हणतात रे तुला? मेलास तर हाक मारायला नको?” पडदा पडला की तो म्हातारा कानाशी वाकून ते नाव घेई, अप्पा ‘ओ’ देई, आणि मगच चेहऱ्याचा रंग पुसला जाई. रंगवाला वारल्यावर ते काम थोरल्या बहिणीकडे आले. ती दूरच्या गावी मुलीजवळ राही. पडद्यावर मेला की अप्पा तिला फोन करी. ती नाव घेई आणि लहानपणचेच शब्द म्हणे, “ऊठ, जेवण निवतंय.” बायकोला त्याने ते नाव कधी सांगितले नाही, त्यावरून ती रुसे. आता बायकोही नव्हती. ते नाव जगात एकाच तोंडात उरले होते.

हल्ली बहीण विसरू लागली होती, म्हणून नव्या चित्रपटातल्या मरणाच्या दिवशी त्याने मरण्याआधी, सकाळीच, रंगभूषेच्या खोलीतून फोन लावला.

“मामा, आई आज मलाच ओळखत नाहीये,” भाची म्हणाली. “देऊ का तरी?”

“दे. माझा आवाज ओळखेल ती.”

भाचीने फोन आईच्या कानाला लावला.

“ताई, मी.”

“मी कोण?”

“अगं, तुझा धाकटा. हाक मार ना मला. एकदाच.”

“कशी मारू?” बहिणीने अदबीने विचारले. “नाव काय तुमचं?”

नाव ओठांवर आले होते, पण अप्पाने ते गिळले. सांगून वदवलेली हाक ही हाक नसते, हे रंगवाल्याने त्याला बजावले होते.

“अप्पा, ताप आलाय म्हणा,” रंगभूषाकार हळूच म्हणाला. “दुसऱ्या कुणाला झोपवतील चादरीखाली.”

“माझं मरण दुसऱ्याला देऊ?” अप्पा म्हणाला. “तेवढं एकच तर नीट जमतं.”

इतक्यात बाहेरून दिग्दर्शकाचा सहायक ओरडला, “प्रेत कुठंय? प्रेत तयार झालं का?” दृश्यात जो जे असेल त्याला त्याच नावाने पुकारायचे, ही त्या धंद्याची रीत. अप्पाने अशा पुकाऱ्याला जन्मात ओ दिली नव्हती. सहायक आत येऊन “अप्पा, चला” म्हणेपर्यंत तो आरशात बघत बसला.

तो मेला, आणि सुरेख मेला. चादर तोंडावर ओढली गेली. दिग्दर्शकाने जेवणाची सुट्टी दिली. दिवे एकामागून एक विझले. बाहेर टळटळीत दुपार होती, पण स्टुडिओच्या त्या बिनखिडक्यांच्या गाळ्यात विहिरीसारखा काळोख भरला. दिव्यांचे निवणारे पत्रे टिकटिक करू लागले. ताज्या रंगाचा आणि तापलेल्या धुळीचा वास चादरीतून आत आला.

“अप्पा, उठताय ना?” रंगभूषाकाराने विचारले.

“व्हा तुम्ही पुढे. पडतो जरा.”

पावले दूर गेली. आपण कशाची वाट पाहतोय, हे त्याला कळत होते आणि त्याची लाजही वाटत होती. पण उठून जायचे तरी कुठे? घरी त्याच्यासाठी ताट मांडणारे कोणी नव्हते. खोटी का होईना, इथे त्याला निदान गादी होती.

आणि हाक आली.

नाव अचूक होते. आवाज ताईचा होता, पण आजचा नव्हे. परसातून ओरडणाऱ्या, दात शाबूत असलेल्या ताईचा. “ऊठ… जेवण निवतंय…”

न दिसणाऱ्याच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हेही तो लहानपणापासून ऐकत आला होता. हाक पुन्हा आली, यावेळी जवळून. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्यात रडू होते… सापडत नसलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीचे. अप्पाने तोंड उघडले. पण आयुष्यभर कोंडायला शिकवलेला श्वास काही केल्या सुटेना.

मग त्याच्या शेजारून, त्याच चादरीखालून, कोणीतरी म्हणाले, “ओ!”

गादी एका बाजूने हलकी झाली. चादर उचलली गेली, पुन्हा पडली. जेवायला उशीर झालेल्या पोराची असावीत तशी अनवाणी पावले धावत गेली. दार उघडले, दुपारची एक फाक आत पडली, आणि दार मिटले.

दिवे पुन्हा लागले तेव्हा अप्पा गादीच्या कडेला बसला होता. रंगभूषाकाराने त्याला आरशासमोर नेले.

“या वयात धावता कसले अप्पा? मघाशी फाटकातून सुसाट गेलात. मी हाका मारतोय तर वळूनसुद्धा पाहिलं नाहीत.”

“मी नव्हतो.”

“मग तुमचा जुळा असेल!” तो हसला आणि कपाळावरचा घाम टिपू लागला. घाम नव्हताच. कपाळ कोरडे आणि गार होते.

अप्पाने फोन लावला.

“अगं, मामा बोलतोय.”

“कोण मामा?” भाची आनंदात होती.

“किती मामा आहेत तुला?”

“एकच. ते तर इथे आलेत, आत्ताच, न कळवता! आई एकदम भानावर आली हो. ताट मांडलं, दारात जाऊन हाका मारल्या, आणि हे उंबऱ्यात हजर. दोघं जेवतायत.”

मागून भांड्यांचा आवाज येत होता. ताई हसत होती. मग कोणीतरी भरल्या तोंडाने म्हणाले, “पुरे गं ताई, पोट फुटेल माझं!” तो आवाज अप्पाचाच होता, पण कोणत्याही भूमिकेतला नव्हता.

“ताईला दे जरा… फोन दे तिला…”

“माफ करा, पण आपण कोण? आवाज ऐकल्यासारखा वाटतोय. सिनेमात काम करता का?”

तो नाव सांगायला गेला. राजाचे नाव आले. न्यायाधीशाचे आले. सेनापतीचे तर अख्ख्या भाषणासकट आले. घरातल्या नावाच्या जागी मात्र, पडलेल्या दाताच्या खळीत फिरावी तशी, जीभ नुसती फिरत राहिली. भाचीने थोडी वाट पाहिली आणि फोन ठेवला.

“जवळून एक शॉट घ्यायचा राहिलाय!” बाहेर सहायक ओरडला. “प्रेत कुठंय? अरे, प्रेत!”

“अप्पा म्हण की रे मेल्या,” रंगभूषाकार खेकसला. “लाज वाटते का काही?”

पण आरशासमोरचा माणूस तोवर उठला होता.

“ओ,” तो म्हणाला, आणि गादीकडे चालू लागला.