पाठीमागून आलेलं 'आहे'

"उत्तर देणाऱ्याचं तोंड दिसल्याशिवाय डोंगरावरून धाव घ्यायची नाही."

पॅराग्लायडिंग शिकवताना ताईचे सर हे रोज बजावायचे. ताई हसायची. तिने मला सांगितलं तेव्हा मीही हसण्यावारी नेलं.

ही घटना खरी आहे. माझी सख्खी बहीण थापा मारणाऱ्यातली नाही. माझ्या लग्नात माझ्या सासूबाईंना तोंडावर "जेवण खारट झालंय" म्हणणारी बाई आहे ती.

गेल्या महिन्यातला रविवार. दुपारचे सव्वाचार. लख्ख ऊन.

डोंगरमाथ्यावर दोघंच होती, ताई आणि तिचा उडण्यातला जोडीदार. तो गुरांचा डॉक्टर, म्हणून सगळे त्याला डॉक्टरच म्हणतात.

त्यांची पद्धत ठरलेली. उडणाऱ्याने दरीकडे तोंड करून उभं राहायचं आणि एकेका वस्तूचं नाव घ्यायचं. दुसऱ्याने मागून ती हाताने ओढून बघत "आहे" म्हणायचं.

ताईने मांडीचे दोन्ही पट्टे लावले. टक, टक. मागे गवतावर कापडी पंख पसरलेला.

"हेल्मेट?"

"आहे."

हनुवटीखालचा पट्टा ओढला गेला.

"छातीचा पट्टा?"

"आहे."

हिसका बसला. जरा जास्तच जोरात.

ताईला काहीतरी खटकलं...

डॉक्टर गप्प का? एरवी "हेल्मेट आहे, आत काही आहे का देव जाणे" असं म्हटल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. सहा वर्षं तोच जोक. आज नुसतं... आहे.

रुसला असेल, असं तिला वाटलं. येताना गाडीत ती त्याच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवत होती.

"मांडीचे पट्टे?"

काहीच नाही.

मग अगदी कानाशी...

"आहे."

ताईने धावायला पाय उचललाही होता. पण वारा समोरून येत होता, आणि मानेवर मात्र... मागून कोणाचा तरी श्वास लागत होता.

तिने हातातल्या दोऱ्या सोडल्या आणि वळली.

मागे कोणी नव्हतं.

खालच्या वाटेने डॉक्टर धापा टाकत वर येत होता. "काय बाई, सांगून गेलो ना? वॉकीटॉकी गाडीत राहिला म्हणून. एकटीच काय बडबडतेस?"

ताईने खाली पाहिलं.

मांडीचे दोन्ही पट्टे सुटून लोंबत होते.

तशीच धावली असती, तर चार पावलांवर दरी. पंख वर गेला असता, आणि ती पट्ट्यांतून खाली... मला लिहवत नाही.

हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात सगळं रेकॉर्ड झालं होतं. ते आम्ही दोघींनी ऐकलं.

फक्त ताईचा आवाज. प्रश्न. शांतता. प्रश्न. शांतता.

"मांडीचे पट्टे?" यानंतर मात्र...

टक. टक.

ताईने सरांना फोन केला. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "आवाज बाईचा होता की पुरुषाचा?"

ताईला आठवेना.

सर म्हणाले, "डॉक्टरला एकट्याला वर जाऊ देऊ नकोस."

डॉक्टरने ते उडवून लावलं. "तूच लावायला विसरलीस, आणि आता भुताच्या नावावर खपवतेस." खरं सांगते, मला आधी त्याचाच संशय होता. मस्करीची हौस भारी त्याला.

ताईने उडणं बंद केलं.

आज दुपारी डॉक्टरचा तिला मेसेज आला. "बाई, तू नाही आलीस तरी चालेल. तपासायला माणूस मिळालंय. बोलत फार नाही, पण हात पक्का आहे."

ताई गाडी काढून निघाली आहे. डोंगर दीड तासावर. डॉक्टर फोन उचलत नाही. मी मुलीला कडेवर घेऊन एका हाताने हे टाइप करतेय.

तुमच्या ओळखीचं कोणी आज उडायला गेलं असेल, तर वाचणं सोडा आणि आत्ता फोन लावा. उचलला तर एवढंच विचारा...

पाठीमागे कोण उभं आहे?