मधोमध एक बाण

“वर्षा, तुझा बीम लईच सरळ आहे गं,” कहकशां हसत म्हणाली होती. “एवढं सरळ लोखंड अजून कुठल्या कारखान्यात निघालं नाही. कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये त्याला आधी जरासा बाक दे. नाहीतर कितीही भार टाक, हा आपला नवरदेवासारखा ताठच, आणि खरा मात्र जराशा धक्क्यानं कलायचा!”

इमारतींची गणितं करणाऱ्या लातूरच्या ऑफिसात कहकशां शेजारच्याच टेबलावर बसायची. वर्षाराणीनं मान डोलावली. पण घरी मुलीला दात येत होते, ती रडून लाल झाली होती, सासूबाईंचे फोनवर फोन. हदगावजवळचं सोयाबीनचं गोदाम, त्याचा एक लांब लोखंडी बीम. स्क्रीनवर पूर्ण भाराखालीही तो केसभर कलला नाही. बाक न देताच तिनं रिपोर्ट पाठवला आणि रिक्षा पकडली.

गोदाम उभं राहिलं. छत चढलं.

मग एका दुपारी दुसऱ्या कामासाठी तिनं ती जुनी फाइल उघडली. बीमच्या मधोमध एक छोटा लाल बाण खाली रोखलेला होता. भाराची खूण. हा भार तिनं दिलेलाच नव्हता. आकडा बघितला, तर आठ किलोच्या आसपास. तिनं तो पुसला, फाइल बंद करून पुन्हा उघडली. बाण तिथंच. आणि तो हलत होता. डावीकडं, उजवीकडं, संथ, कुणी बसल्या जागी दोरी ओढत असावं तसा.

तिनं त्या बाणासकट गणित पुन्हा चालवलं. इतके दिवस ताठ असलेला बीम झोपेत कूस बदलावी तसा पिळवटला आणि एका अंगाला कलला.

वर्षाराणीनं साइटवरच्या सुपरवायझरला, भागवतला, फोन लावला.

“भागवतभाऊ, बीमला काही टांगलंय का हो?”

“न्हाई. हां, ते वॉचमनच्या बायकोनं, रत्नम्मानं, लेकराची झोळी बांधलीय, दोरी टाकून. वारं लागतंय तिथं.”

“सोडायला सांगा. आत्ताच.”

“आवो मॅडम, एवढ्या लोखंडाला लेकरू जड झालं व्हय?”

माझी चूक झालीय, एवढंच म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. ती म्हणाली, “नियम आहे तसा.”

भागवत नुसता हसला.

दोन दिवसांनी तिनं ऑफिसच्या सरांना सगळं सांगितलं. बीमला आडवे आधार लावायला पुढच्या आठवड्यात माणसं धाडतो, म्हणाले. तिनं पुन्हा भागवतला गाठलं.

“झोळी कवाच सोडली. रत्नम्मा गेली लेकराला घेऊन देगलूरला, माहेरी. गोदामाला कुलूप हाय. मी दारातच हुबा हाय न्हवं.”

त्याच्या आवाजामागं दोरी करकरत होती. थांबून थांबून.

“मग तो आवाज कसला?”

“कंचा आवाज?”

तिनं फाइल उघडली.

बाण होता.

हलत होता.

आकडा थोडा वाढला होता, लेकराचं अंग भरावं तेवढाच.

रत्नम्माचा फोन लागत नाही. इकडं मुलीला ताप भरलाय, तिला टाकून निघता येत नाही. वर्षाराणी आता भेटेल त्याला विचारते, तुम्हालाही विचारतेय: हदगावकडं जाणं होणार आहे का? झालं, तर त्या गोदामाचं कुलूप उघडायला लावा. रत्नम्माच्या नावानं हाक मारा. लेकरू दिसलं तर आधी त्याला उचलून बाहेर आणा.

आणि झोळी रिकामी असली, तरी हात लावून ती थांबवा.