दोन भिन्न व्यक्ती

त्या दिवशी माझं काम काय, तर वकिलाकडं जाऊन एका कागदावर सही करायची. बस्स. दुपारी रिक्षा करून मी अठवालाइन्सला कोर्टाबाहेर गेले. वकील गुजराती. कागद वाचून त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं अन् म्हणाला, "बा, बधा लखावे के नाम बे, माणस एक. तमे तो ऊंधुं लखावो छो!"

उलटंच होतं ते, खरं आहे. लोक लिहून देतात की नावं दोन असली तरी माणूस एकच. मी लिहून दिलं, की गजेंद्र अन् सुपडू या दोन भिन्न व्यक्ती आहेत, अन् त्यातला गजेंद्र लहानपणीच मयत आहे.

मी वत्सला. आमचं मूळ अमळनेरकडचं, पण जन्म गेला सुरतेच्या पांडेसऱ्यात, कापडगिरण्यांच्या रंगाच्या वासात. सुपडू माझा धाकटा भाऊ. विमान चालवतो. हसू नका, रंगखात्यातल्या कामगाराचा पोरगा खरंच विमान चालवतो. त्याच्या आधी गजेंद्र झाला होता. तीन वर्षांचा असताना तापानं गेला, माझ्याच मांडीवर. मग सुपडू झाला, तेव्हा मायनं त्याला सुपात निजवून सुपावरूनच सुपडू नाव ठेवलं, म्हणजे यमाची नजर पडू नये. शाळेत घालायची वेळ आली तर याचा जन्माचा दाखलाच नाही! बापानं गजेंद्रचा पुढं केला. गुरुजींनी तो उतरवून घेतला. तेव्हापासून माझा भाऊ जगाला कॅप्टन गजेंद्र बोरसे, अन् कागदावर तीन वर्षांनी मोठा.

येत्या एक जूनला कागदाची पासष्ट भरणार होती. पासष्टला पायलट खाली उतरतो, नियमच आहे. खरं वय बासष्ट. माझ्या एका सहीनं त्याला तीन वर्षं मिळणार होती.

सुरतेत मुक्काम असला की तो माझ्याकडं जेवायला येतो. त्या दिवशीही आला. संध्याकाळचं दिल्लीचं विमान त्याच्याकडं होतं. गणवेशाची बॅग खाटेखाली सरकवून बसला अन् नेहमीचं सुरू केलं.

"जिजी, डोळे बघ माझे. दर सहा महिन्यांनी तपासतात. पास! मग पासष्टच्या रात्रीत मी काय आंधळा होतो? बाहेरच्या देशांत सदुसष्ट करा म्हणून भांडताहेत लोक."

"अन् तुझ्या मागं दीडशे माणसं बसतात, त्यांनी बघितलेत का तुझे डोळे? त्यांना नियमाचाच भरवसा."

"नियमाला माणूस दिसत नाही."

"माणसाला तरी कुठं दिसतो? त्याला आपलाच माणूस दिसतो."

तोंडानं भांडत होते हो, पण सही तर करून आले होते. विमान चालवणं सुटलं तर हा जगेल कसा, हीच मला भीती. मी कागद त्याच्यापुढं ठेवला. भरीत-भाकरी तशीच राहिली. तो 'मयत' या शब्दावर बोट ठेवून बसला.

"सही केलीस?"

"केली. काय झायं रे?"

"आधी सांगायला पाहिजे होतं…" आवाज एकदम खाली आला. "डिसेंबरात धुकं होतं. धावपट्टी दिसेना. विमान परत वर घ्यायचं, हे कळत होतं, पण हात उठेना. अन् माझ्या हातावर हात आला, जिजी. इवलासा… गरम. त्यानं इंजिनाचा दांडा पुढं ढकलला, अन् विमान वर गेलं."

"शेजारचा पायलट असंल."

"शुभमचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते. तो म्हणाला, सर, बरोब्बर वेळेवर केलंत… मी काहीच केलं नव्हतं."

"कधीपासून येतो?"

"पहिल्या दिवसापासून. नुसता ठेवलेला असायचा. त्या दिवशी पहिल्यांदा जोर लावला."

खोलीतला रंगाचा वास कुठं गेला कोण जाणे. तापलेल्या पोराच्या डोक्याला येतो ना, तसा वास यायला लागला. मला तो चांगला माहीत आहे.

"आज जाऊ नको," मी म्हटलं.

बोलण्यात निघायची वेळ कधीच टळून गेली होती. त्यानं मान हलवली अन् ड्यूटी लावणाऱ्या पोरीला फोन केला. "कॅप्टन गजेंद्र बोलतोय. मला बरं नाही, दुसरा पायलट बघा."

ती हळूच म्हणाली, "सर… मस्करी करताय का? तुम्ही तर केव्हाच सही करून आत गेलात. दरवाजा बंद झाला विमानाचा."

बॅग खाटेखालीच होती. चेनसुद्धा उघडलेली नव्हती.

थोड्या वेळानं पत्र्यांवरून विमान गेलं. मी कागद उचलला, म्हटलं, "फाडते मी!" त्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

"नको! तो वर आहे, जिजी. कागद फाटला अन् तो गेला, तर विमान कोण उतरवेल? खाली उतरेपर्यंत नको…"

पावणेदोन तास आम्ही बहीणभाऊ त्या कागदाकडं बघत बसलो. मी माहेरच्या देवीला नवस बोलले. तो मोबाइलवर विमानाचं चिन्ह पुढं सरकताना बघत होता. दिल्लीला टेकल्याचं दिसलं, तेव्हा माझा भाऊ हमसून रडला. मग त्यानंच कागदाचे बारीक तुकडे केले.

सकाळी तो राजीनामा लिहीत होता. एक जूनची वाटही बघायची नाही म्हणाला. तेवढ्यात शुभमचा फोन आला. सुपडूनं तो माझ्यासमोर मोठ्यानं लावला.

"सर, काल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, पण उतरवलंत काय झक्कास! मागच्या लोकांना कळलंसुद्धा नाही. एक विचारू, रागावू नका… खुर्ची अगदी पुढं ओढून, पार वरपर्यंत का उचलली होती? पाय पोचत नव्हते का?"